हातावरची सवत

नंदा, परवा तुझ्या बंद शटरसमोर एक बाई उभी होती आणि पहिल्या नजरेलाच ती मला आवडली नाही. तुझ्या मुलाने शटरवर तुझा फोटो आणि त्याखाली चार ओळींचा कागद चिकटवलाय. तो तिने वाचला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा वाचला. मग वळून माझ्या दुकानाकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मी मान खाली घातली, डावी बाही मनगटापर्यंत ओढली आणि मशीन चालवायला लागले.

तुझं तेरावं नुकतंच झालंय. राम आळीतले लोक अजून तुझ्या दुकानापुढून जाताना चाल कमी करतात. काही खरंच हळहळतात, काही गाळा आता कोण घेतंय ते बघतात. मला दोघांतला फरक कळतो. तुला कळायचा नाही, किंवा कळूनही तू तसं दाखवायची नाहीस. अनोळखी माणूस दिसला की तू पाट पुढे सरकवायचीस. मी आधी त्याची पिशवी बघते. कमी कापड आणून वर 'पुरं दिलं होतं' म्हणून भांडणाऱ्या बायकांत जन्म गेला माझा, मग नजर अशीच होणार.

आपली दुकानं म्हणजे एकाच गाळ्याची दोन अर्धी, मधे प्लायवूडची फळी. इकडे माझं शिवणकाम, तिकडे तुझ्या बांगड्या. मशीन थांबवलं की तुझ्याकडचं बोलणं मला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं, आणि मी ते बरेचदा थांबवायची. चोरून ऐकायची म्हण हवं तर. तुला ते ठाऊक होतं. कधी कधी तू मुद्दाम फळीला पाठ लावून बसायचीस, म्हणजे आवाज अडेल.

माझं सासरचं नाव शुभांगी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं आणि माहेरची यमुना त्या ताटातच राहिली. तू पहिल्याच दिवशी ते जुनं नाव माझ्याकडून काढून घेतलंस आणि मग सगळ्या आळीसमोर 'यमू' म्हणून हाका मारत सुटलीस. मला तेव्हा राग आला होता. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी नाही, आणि तुझी फार आठवण येते. हे असं सरळ मी कधी बोलले नसते, म्हणून लिहितेय.

तुझी बांगड्या भरायची रीत मी पहिल्या महिन्यातच ओळखली. समोरची बाई हात पुढे करायची, पण हात आखडलेला असायचा. बांगडी चढताना दुखणार ही भीती सगळ्यांनाच. तू तिचा पंजा हातात घ्यायचीस, अंगठ्याखालचं हाड चेपत राहायचीस आणि मनगटावरच्या गोंदणाकडे बघून विचारायचीस, "ह्या कधी गोंदलंत गो?" झालं. बाईचं मन तिच्या माहेरच्या जत्रेत, नाहीतर गोंदणारणीच्या पुढ्यात जाऊन बसायचं, हात सैल पडायचा आणि गोष्ट अर्ध्यावर येईतो बांगडी मनगटात. मी तुला म्हटलं होतं, तुला त्या गोष्टींशी काही देणंघेणं नाही, तुला फक्त हात सैल व्हायला हवा असतो. तू हसलीस आणि उत्तर दिलं नाहीस. उत्तर न देणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमीच शंका येते.

काय काय गोष्टी ऐकल्या मी त्या फळीआडून. मिरकरवाड्याची ती मासळी विकणारी, जिच्या दंडावर विंचू होता. लहानपणी विंचू चावला, मग आईने तिच्या दंडावर विंचूच गोंदवून घेतला, म्हणजे दुसरा चावायला येणार नाही, जागा भरलेली बघून परत जाईल. तू किती हसलीस. पुढच्याच आठवड्यात मासळीबाजारात त्याच विंचवाची वेगळी कथा ती दुसऱ्या कुणाला सांगत होती, त्यात सासू होती. मी येऊन तुला सांगितलं, तर म्हणालीस, "असूदे गो. दोन गोष्टी असतील एका विंचवाच्या." पुण्याची एक मुलगी आली होती, आरे-वारेला समुद्र बघून परतताना. तिच्या मनगटावर मशीनने काढलेला एवढासा पक्षी होता. असाच काढला, म्हणाली. तू हाड चेपत राहिलीस आणि ती पोरगी चक्क रडायला लागली. मला ती नाटकी वाटली. आणि बायकोसाठी बांगड्या घ्यायला आलेला तो खलाशी आठवतो? मापाला जुनी बांगडी रुमालात बांधून आणलेली. त्याच्या हातावर त्याचं स्वतःचं नाव आणि गाव होतं. समुद्राने परत दिलं तर कुणाच्या दारात न्यायचं ते कळावं म्हणून. मी फळीमागून म्हटलं, सहानुभूती मिळवायचे धंदे आहेत. तो गेल्यावर तू माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस.

अशी मी शहाणी, आणि तरी तुझ्या पाटावर फसले. माझ्या लेकीचं लग्न होतं. नवरीच्या आईच्या हातात हिरवा चुडा नको का, म्हणून तू मला ओढून बसवलंस. मी कायम लांब बाहीची पोलकी घालते, रत्नागिरीच्या घामट हवेतसुद्धा, आणि आळीतल्या बायका त्यावरून चेष्टा करतात. तू ती बाही वर सारलीस. खाली नाव होतं, हिरवट निळं, आता जरा पसरलेलं. सुलोचना.

"कोण गो ही?" तू विचारलंस.

बहीण, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. तुलाही तेच सांगणार होते. पण तू हाड चेपत होतीस, आणि मी ऐकत गेले माझाच आवाज. मी दुसरेपणाची. आमच्या ह्यांची पहिली बायको वर्षभरात वारली. दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायची आमच्यात पद्धत, चांदीच्या पत्र्यावर तिचं रूप, म्हणजे ती रागावत नाही, संसारात खोडा घालत नाही. पण सासूबाईंना टाकाचा भरवसा नव्हता. गळ्यातलं काढून ठेवता येतं, हरवतं, असं त्यांचं म्हणणं. मला घरात येऊन आठ दिवस झाले नसतील, गावात गोंदणारीण आली होती, तिला बोलावून त्यांनी पहिलीचं नाव माझ्या डाव्या हातावर कायमचं बसवलं. मला विचारलं नाही. माझं स्वतःचं नाव ताटात राहिलं आणि तिचं माझ्या कातडीवर आलं.

सांगून संपलं तेव्हा माझ्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या होत्या आणि एकही दुखली नव्हती. मी भानावर आले. म्हटलं, कुणाला बोललीस तर बघ. तू म्हणालीस, "मी कुणाला सांगणार?" सांगणार नाही, असं तू म्हणाली नाहीस. हा फरक मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवला.

पण खरी गोष्ट तर मी तुला नंतर सांगितली, थोडी थोडी करून, चहाच्या वेळी. ती पहिली कशाने गेली हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाई फक्त 'ती अलोऱ्याची', म्हणजे चिपळूणकडच्या त्या गावची, एवढंच म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या. तिच्या माहेरचं कोणी कधी आलं नाही. घरामागे विहीर होती, तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली, आणि आमच्या गावात दुसऱ्या कुणाच्या विहिरीला तेव्हा जाळी नव्हती. तूच सांग, मी काय समजायचं? आमचे हे मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला यायचे, रिटायर झाल्यावर कायमचे घरी आले. शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण माझा डावा हात त्यांनी कधी धरला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा फिरून उजवीकडे यायचे. मी मनात म्हणायची, हात धरवत नाही, म्हणजे काहीतरी केलं असणार. दर वर्षी अविधवा नवमीला तिच्या नावाने पान वाढायची, हाक मारायची, आणि कावळा काही लवकर यायचा नाही. तेव्हाही मला तेच वाटायचं. ही शांत झालेली नाही, हिचं काहीतरी राहिलंय.

तू म्हणायचीस, विचार त्यांना. मी म्हणायची, आणि उत्तर आलं तर? त्याच घरात राहायचं होतं मला, त्याच माणसाचं ताट वाढायचं होतं. तू म्हणायचीस, न विचारता तरी काय वेगळं करतेयस, रोज त्यांना फाशी देतेस आणि रोज जेवायला घालतेस. या एका गोष्टीवरून आपण किती भांडलो. पुढे हे वारले. विचारायचं कायमचं राहिलं, आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं हायसं वाटलं.

तरी तू थांबली नाहीस. सिव्हिल हॉस्पिटलला, कोर्टाच्या कामाला, लग्नाच्या खरेदीला चिपळूण-गुहागरकडची बाई आली की फळीपलीकडून तुझा प्रश्न यायचा, "अलोऱ्याला कोण वळखीचा हाय का तुमच्या?" मला आधी वाटलं तुझे कोणी नातेवाईक असतील तिकडे. मग गेल्या पावसाळ्यात एक दिवस मी मशीन थांबवलं आणि ऐकलं. तू कुणाला तरी सांगत होतीस, "नाव हातावर हाय हो तिच्या, अजून." मी उठून तुझ्या दुकानात आले. समोर अनोळखी बाई, तिचा हात तुझ्या हातात, आणि दोघी माझ्याकडे बघतायत. मी जे बोलले ते सगळ्या आळीने ऐकलं. माझी गोष्ट वापरून तू हात सैल करतेस, असं बोलले. तू एवढंच म्हणालीस, "गोष्ट झाकायची असती तर सासूने पाठीवर गोंदली असती. हातावर गोंदली ती." मी फळीला आतून जाड पुठ्ठा ठोकला.

गणपती गेले, दसरा गेला, आपण बोललो नाही. दिवाळीत तू फराळाचा डबा फळीवरून माझ्याकडे सोडलास आणि मी तो घेतला. पुढे चहाही सुरू झाला. पण त्या विषयाला कुणी हात लावला नाही. मला वाटत होतं तू माफी मागशील. तुला बहुतेक वाटत होतं मी विचारीन. मग एका सकाळी दुकान उघडताना तुझ्या छातीत कळ आली, आणि सिव्हिलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. भांडण तिथेच लोंबकळत राहिलं.

आता परवाची ती बाई. माझ्या वयाची, जराशी मोठीच. ती पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, बांगड्यांच्या बाजूला शिवणाऱ्या बाई तुम्हीच का. मी म्हटलं, काय शिवायचंय. शिवायचं काही नव्हतं. गुहागरहून आलेली, नाव मंगल. तिच्या नणंदेला गेल्या पावसात इथल्या बांगडीवाल्या बाईंनी काही विचारलं होतं. नणंद विसरून गेली, आत्ता कुठल्याशा साखरपुड्यात तिला आठवलं. "त्या म्हणं परत्येक अलोऱ्याच्या मानसाला इचारायच्या," ती म्हणाली. "कित्येक वर्सं इचारतायत."

नंदा, म्हणजे अख्ख्या चिपळूण तालुक्याला माझी गोष्ट माहीत आहे. माझं डोकं तापलं. पण त्याच वेळी दुसरंही कळत होतं. तू कुणाला तरी शोधत होतीस. इतकी वर्षं, इतके हात, आणि ज्या बाईवरून मी तुझी आळीत शोभा केली, तिच्याकडूनच तुझा निरोप पोचला होता. पोचायला इतका वेळ लागला आणि तू तेवढी थांबली नाहीस.

तरी मी सावध होते. पहिलीचे दागिने मागायला आली असेल, घरात हिस्सा असेल काही, असं चालू होतं डोक्यात. मी म्हटलं, तुमचा काय संबंध. ती म्हणाली, "माजी मोठी भैन व्हती ती. कोनीतरी तिचा नाव हातावर बाळगलाय असा कळला. बगायला आले." दुसरं काही नको होतं तिला. बहिणीचा एक फोटोही नव्हता तिच्याजवळ.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि बाही वर केली. तिने चष्मा लावला, माझा हात उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"ह्या तिचा नाव न्हाय," ती म्हणाली. "ह्या तुमच्या घरात ठेवलेला. तिचा नाव अनसूया. आमी अनशी म्हनायचो. सुलोचना म्हटला तर ती वळून पन बगायची न्हाय. सासू तिच्यावर रागवायची त्येच्यावरून."

मला हसावं की रडावं कळेना. सासूबाई एवढ्या पक्क्या बाई, टाकाचा भरवसा नाही म्हणून कातडीवर लिहिलं, आणि लिहिलं ते त्यांनीच तांदळात ठेवलेलं नाव. जी बाई त्या नावाला जिवंतपणी ओ देत नव्हती, तिला मी दर नवमीला त्याच नावाने जेवायला बोलावत होते आणि ती येत नाही म्हणून तिला घाबरत होते.

मग जो प्रश्न मी नवऱ्याला विचारला नाही तो या अनोळखी बाईला विचारला. विहीर, एवढाच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला.

"हीर?" मंगल माझ्याकडे बघत राहिली. "कोनी सांगितला तुमाला?"

कुणीच नाही, मी म्हटलं. ते खरंच होतं. कुणीच काही सांगितलं नव्हतं. सगळं मीच जमवलं होतं, जाळीवरून, तोंड फिरवण्यावरून, न धरलेल्या हातावरून.

अनशी गेली त्या दिवशी मंगल तिथेच होती. दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे गेलेली, शाळकरी. भातकापणी चालू होती आणि पेंढ्या उचलताना अनशीच्या हाताला फुरसं चावलं. फुरसं म्हणजे केवढासा साप, तुला माहीतच आहे. आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग अंधारी आली तिला. भावजी तेव्हा रजेवर घरी होते, असं मंगल म्हणाली. भावजी म्हणजे आमचे हे. "त्यांनी तिला पाठीवर घेतली नि सडकेकडं धावत सुटले. चढनीचा रस्ता. मी मागं मागं. यष्टी गेलेली. सडकेवर पोचलो तवा ती गेली व्हती, माज्या ध्यानात आला. त्यांच्या न्हाय. ते तसेच उबे ऱ्हायले तिला घेऊन, दुसऱ्या गाडीची वाट बगत. कोनी सांगायला गेला तर आयकत नव्हते."

डावा हात त्यांच्या गळ्याभोवती होता तिचा, असं तिने सांगितलं. फुरसं चावलेला.

माहेरचे का आले नाहीत, हेही मी विचारलं. भांडण नव्हतं काही. आईला ते दार परत बघवेना. मग वडलांचं तिथल्या धरणाच्या प्रकल्पावरचं काम संपलं, अलोऱ्याची कॉलनी सुटली, ते दुसऱ्या धरणावर गेले. जाळीचं तिला माहीत नव्हतं. तेव्हा नव्हती, म्हणाली. लहान मूल पडू नये म्हणून बसवली असेल नंतर कुणीतरी. माझी लेक रांगायला लागली तेव्हा बसवली असेल. मला आठवत नाही, आणि आता सांगणारंही कोणी नाही.

चहा मीच केला. मंगल बसून राहिली आणि अनशीबद्दल सांगत राहिली. ती कशी होती, विचारलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यासारकी न्हाय. हसरी व्हती." मला त्याचा राग आला नाही. मधेच तिने तुझ्याबद्दल विचारलं. तुम्हां दोघींची भेट झाली नाही हे तिला फार लागलंय. जाताना तुझ्या फोटोला हात जोडून गेली.

नंदा, तू मला न विचारता माझं गुपित गावोगाव पाठवलंस. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस, हेही मला कळतं. तुझ्यावर माझा राग आहे आणि तो राहणार. तू समोर असतीस तर तुला चार शब्द ऐकवले असते, मग तुझे पाय धरले असते. आता दोन्ही राहिलं. तू खरंच ऐकत होतीस का त्या बायकांचं, असं मी तुला इतकी वर्षं टोचत आले. त्याचं उत्तर असं घरपोच येईल असं वाटलं नव्हतं.

ती गेल्यावर मी शटर वर केलं आणि मशीनवर बसले, पण सुईत दोरा जाईना. समोरचे मसालेवाले काका उठून आले, पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि म्हणाले, नंदाताईंच्या आठवणीने जीव कासावीस होतोय ना, रडून घ्या, बरं वाटेल. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार. मी माझ्या नवऱ्यासाठी रडत होते. तो गेला तेव्हा माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं.